सात डिस्क आणि मोकळं मैदान: डिस्क गोल्फच्या फेकीचा सराव

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी डिस्क फेकत, कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ. अठरा बास्केटच्या फेरीत टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, अठरा फेकी होतात. एक झाडांच्या बोळातून, दुसरी उतारावर, तिसरी तळ्याच्या कडेने. एकीसारखी दुसरी नसते, आणि चुकली तर लगेच तीच पुन्हा फेकून बघण्याची सोयही नसते. म्हणून दर शनिवारी नेमाने कोर्सवर जाणारे खेळाडूही वर्षानुवर्षं त्याच अंतरावर अडकलेले दिसतात. मोकळ्या मैदानात मात्र तासा-सव्वातासात पन्नास-साठ फेकी होतात, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या ठेवता येतात.

पण मैदानात जाऊन नुसतं जोरात फेकत बसलात, तर पक्की होते ती चूक. सराव कशाचा करायचा, तो कसा मोजायचा आणि कुठे थांबायचं, ते इथे क्रमाने सांगतो. सगळ्या सूचना उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

मैदान आणि त्यावरच्या रेघा

लांबी शंभर मीटरच्या पुढे आणि रुंदी पन्नास-साठ मीटर असली की पुरे. गवत घोट्याच्या खाली हवं, नाहीतर निम्मा वेळ शोधाशोधीत जातो. पावसाळ्यात आपल्याकडे मैदानांच्या कडेला गुडघाभर गवत माजतं. तिकडे तोंड करून फेकू नका. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे फेकणंही टाळा. उन्हात डिस्कचं शेवटचं वळण दिसत नाही, आणि सरावात तेच तर बघायचं असतं.

आखलेलं मैदान मिळालं तर मोजपट्टी आयतीच हाताशी येते. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दोन टोकांच्या यष्ट्यांमध्ये २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर अंतर असतं. डिस्क गोल्फमध्ये बास्केटभोवती जी दोन वर्तुळं मानतात, त्यांच्या त्रिज्या १० आणि २० मीटर. म्हणजे पूर्ण खेळपट्टी हे दुसरं वर्तुळ झालं आणि अर्धी खेळपट्टी हे पहिलं. फुटबॉलच्या मैदानात मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर असते आणि पेनल्टी क्षेत्राची रेघ गोलरेषेपासून १६.५ मीटरवर. अमेरिकेत राहणाऱ्यांची तर चैनच आहे. तिथल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ९१.४ मीटर. फक्त मैदान लोकांना खुलं आहे का, ते आधी विचारून घ्या. रेघा नसतील तर पावलांनी मोजा, किंवा यूडिस्क अ‍ॅपमध्ये फेक मोजण्याची सोय आहे ती वापरा.

सुरक्षिततेबद्दल एकदाच सांगतो. गोल्फची डिस्क म्हणजे समुद्रावर खेळायची मऊ फ्रिस्बी नव्हे. दीड-पावणेदोनशे ग्रॅमची कडक कड ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने डोक्याला लागली तर टाके पडतात. रविवारी सकाळी एकमेकांत घुसलेले चार क्रिकेट सामने चालू असतील, तर त्या दिवशी सराव नाही. पळणारी मुलं किंवा मोकळी कुत्री दिसली की थांबायचं. कोर्सवर इशारा म्हणून गोल्फसारखं ‘फोर!’ ओरडतात, आपल्या मैदानावर ते कोणाला कळणार नाही, तिथे ‘सांभाळा!’ म्हणा.

कोणत्या डिस्क न्यायच्या

माझं मत ठाम आहे: एकाच साच्याच्या, एकाच वजनाच्या, शक्यतो एकाच प्लॅस्टिकच्या सात डिस्क. सातच का, ते मोजणीपाशी येईल. परवडत नसेल तर पाच, पण विषम आकडाच ठेवा. सात वेगवेगळ्या डिस्क नेल्यात, तर फेक बदलली म्हणून डिस्क वेगळी गेली की डिस्क वेगळी म्हणून फेक बदलली, हे कळतच नाही.

साचा पटरचा (जवळच्या फेकींची डिस्क) किंवा मिडरेंजचा (मधल्या पल्ल्याची) घ्या. इनोव्हा कंपनीची एव्हिअर ही पटर, डिस्क्राफ्टची बझ ही मिडरेंज, ही नावं बहुतेक दुकानांत सापडतात. सगळ्यात स्वस्त प्लॅस्टिक घेतलं तरी चालतं, उलट त्यावर पकड चांगली बसते. ते लवकर झिजतं आणि झिजलं की डिस्कचं उडणं बदलतं, पण सातही सारख्याच झिजत असल्याने सरावात बिघडत नाही. रंग गुलाबी किंवा भडक नारिंगी असावा. हिरवी आणि तपकिरी डिस्क गवतात दिसेनाशी होते. मागच्या बाजूला कायम शाईने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.

ज्यांनी मुंबई-पुण्याकडे अल्टिमेट हा फ्रिस्बीचा सांघिक खेळ खेळला आहे, त्यांना वाटतं की आपली १७५ ग्रॅमची डिस्क चालेल. पकड आणि मनगट तापवायला ती चालते, पण तिचा व्यास सत्तावीस सेंटिमीटरच्या पुढे असतो आणि कड गोलसर. गोल्फची डिस्क साधारण एकवीस सेंटिमीटरची. १९८३ साली इनोव्हाने ईगल ही डिस्क आणली, तिची कड उतरती, धारेसारखी होती. हवा कमी अडली आणि अंतर वाढलं. आजचे ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्क, त्याच कल्पनेवर उभे आहेत. वजनालाही नियम आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. म्हणून बहुतेक डिस्कवर १७० ते १७५ च्या आसपासचे आकडे दिसतात. किशोरवयीन मुलांना, किंवा ज्यांच्या हाताला अजून वेग नाही त्यांना, १५० ते १६० ग्रॅमची डिस्क सोपी जाते.

डिस्कवरचे चार आकडे

बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, टर्न आणि फेड. बझचे आकडे ५, ४, -१, १. एव्हिअरचे २, ३, ०, १. डिस्ट्रॉयर या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचे १२, ५, -१, ३.

पहिल्या आकड्यात नवखे फसतात. डिस्क किती वेगाने जाईल, हे तो सांगत नाही. साच्याने ठरवलेलं वळण घेण्यासाठी तिला किती वेग द्यावा लागेल, ते तो सांगतो. उजव्या हाताच्या बॅकहँडने, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असताना हवा तिची पुढची कड खाली दाबू बघते, वेग ओसरला की तीच कड वर ढकलते. फिरणारी वस्तू अशा दाबाला काटकोनात उत्तर देते. म्हणून पुढची कड खाली दाबली की डिस्क उजवीकडे कलते, तो टर्न. वर ढकलली की डावीकडे कलते, तो फेड. बाराच्या वेगाची डिस्क कमी वेगाने फेकली तर टर्न येतच नाही, हातातून सुटल्यापासून फक्त फेड. ‘माझी प्रत्येक फेक डावीकडे पडते’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा दुकानात केलेली घाई असते. मिडरेंज सत्तर-पंच्याहत्तर मीटर सरळ जाईपर्यंत पहिला आकडा नऊच्या वर असलेली डिस्क पिशवीतही नको.

आधी अंग तापवणं

दहा मिनिटं द्या. भरभर चाला, हात खांद्यातून गोल फिरवा, कंबर दोन्हीकडे वळवा, मांड्यांच्या शिरा मोकळ्या करा. मग पंधरा-वीस मीटरवर खुणेला धरून सात डिस्क अगदी हलक्या फेका. थंडीत हे दुप्पट करा.

पहिली पायरी: उभ्यानेच

इथून चार पायऱ्या बॅकहँडच्या. धावत येऊन फेकणं सगळ्यांना खुणावतं, क्रिकेट खेळलेल्यांना तर फारच. पण पहिले काही आठवडे जागेवर उभं राहूनच फेका. शरीर नीट वापरलं तर उभ्याने फेकलेली डिस्कसुद्धा आपल्या पूर्ण अंतराच्या बऱ्याच जवळ जाते. जात नसेल तर दोष पावलांच्या चालीत नाही.

पकड अशी. डिस्क तळहाताच्या आडव्या रेषेत बसवा, म्हणजे ती साधारण कोपर ते मनगट या भागाच्या सरळ रेषेत येते. अंगठा वरच्या सपाट भागावर. जोराच्या फेकीसाठी चारही बोटं आतल्या कडेवर वळवून घट्ट. जवळच्या फेकीसाठी तर्जनी कडेवर आणि बाकीची बोटं खाली पसरून. सुरुवातीपासून मूठ आवळून धरू नका, हात ताठरतो. डिस्क छातीच्या उजव्या बाजूला येईपर्यंत पकड हलकी ठेवा, तिथून पुढे ती आपोआप आवळते.

आता उभं राहणं. उजवा खांदा लक्ष्याकडे, पाय खांद्याइतके किंवा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल. डिस्क मागे नेताना वजन डाव्या पायाच्या आतल्या बाजूवर येतं आणि पाठ बऱ्यापैकी लक्ष्याकडे वळते. नजर क्षणभर लक्ष्यावरून सुटते, सुटू द्या. मान लक्ष्याकडेच ठेवण्याच्या हट्टाने खांदे पुरेसे वळत नाहीत.

इथून पुढचा क्रम महत्त्वाचा: आधी वजन उजव्या पायावर, मग कंबर, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट. हात आधी निघाला की फेक फक्त दंडाची उरते. डिस्क छातीजवळून सरळ रेषेत न्या. ती पोटाभोवती वळसा घालून गेली, तर सुटताना उजवीकडे किंवा डावीकडे कुठेही जाईल. कोपर पुढे आणि दंड छातीपासून सुटा ठेवा. डिस्क सुटल्यावर हात पुढे वाहू द्या, उजव्या टाचेवर वळा आणि डावा पाय मागून फिरून पुढे येऊ द्या. तिथेच करकचून थांबलात तर सगळा भार गुडघ्यावर आणि खांद्यावर येतो.

यासाठी एक कवायत मी सगळ्यांना सांगतो. मागे न नेता डिस्क सरळ उजव्या छातीपाशी धरा, कोपर वाकलेलं, आणि तिथूनच फेका. सुरुवातीला ती वीस-पंचवीस मीटरच जाईल. सात डिस्क अशा फेकल्या की पुढच्या सात छातीच्या मध्यापासून, मग डाव्या छातीपासून, मग पूर्ण मागून. शेवटच्या हातभर अंतरात डिस्क वेग घेते, हे अंगाला अशाने कळतं. मागे हात कितीही लांब नेला तरी त्या शेवटच्या टप्प्याची भरपाई होत नाही.

दुसरी पायरी: नाक खाली

डिस्कच्या उड्डाणाच्या दिशेकडच्या कडेला खेळाडू नोज म्हणतात. सुटताना ही कड वर असली की डिस्क चढते, हवेत अडते आणि डावीकडे धपकन पडते. कितीही जोर लावा, अंतर वाढत नाही. नवख्यांच्या अंतराचा हा एक नंबरचा शत्रू आहे. मैदानात फक्त एकच गोष्ट सुधारायची ठरवली असेल, तर ही सुधारा.

नाक वर का जातं? उंच फेकायचं म्हणून आपण हात वर नेतो आणि डिस्कही वर तोंड करते. किंवा फेकताना वजन मागच्या पायावरच राहतं आणि अंग मागे रेलतं. किंवा डिस्क तळहातात चुकीची बसलेली असते, तिची मागची कड मनगटाखाली लोंबते. उपाय त्याच क्रमाने: उंची हवी असेल तर कमरेपासून थोडं कला, हात आणि खांद्यांची रेषा एकच ठेवा. वजन पुढच्या पायावर आल्याशिवाय फेकू नका. आणि मनगटाला कुलपात किल्ली उजवीकडे फिरवल्यासारखा किंचित पीळ द्या. तो डिस्क मागे नेतानाच द्यायचा आणि शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. सुटण्याच्या क्षणी पीळ दिलात तर डिस्क थरथरत जाईल.

तपासायचं कसं? फुटबॉलचा रिकामा गोल मिळाला तर त्याहून चांगलं साधन नाही. तो ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. पंचवीस-तीस मीटरवरून पटर किंवा मिडरेंज त्याच्यामधून घाला. आडव्या दांड्यावरून गेली तर नाक वर किंवा हात वर. खांबांच्या बाहेर गेली तर दिशा चुकली. जाळी असेल तर डिस्क आणायला चालणंही वाचतं. सातपैकी पाच आत जायला लागल्या की दहा मीटर मागे सरका.

गोल नसेल तर वाऱ्याला तोंड करून फेका. समोरचा वारा वर आलेलं नाक लगेच उघडं पाडतो: डिस्क पतंगासारखी उचलली जाते. पाठीमागून वारा असताना हाच दोष झाकला जातो आणि आपण प्रगती झाली असं समजतो.

तिसरी पायरी: तीन कोन

एकाच डिस्कने तीन रस्ते काढता आले पाहिजेत. सुटताना डिस्कची बाहेरची, म्हणजे डावी कड खाली असेल तर तो हायझर. डिस्क डावीकडे वळत जाते. दोन्ही कडा समान असल्या तर सपाट फेक. डावी कड वर असेल तर अ‍ॅनहायझर. डिस्क आधी उजवीकडे जाते. कोन मनगट वाकवून आणायचा नाही. हायझरसाठी कमरेतून पुढे झुका, अ‍ॅनहायझरसाठी किंचित मागे रेला, आणि हात खांद्यांच्या रेषेतच चालवा. हात एका पातळीत आणि डिस्क दुसऱ्या पातळीत असली की ती डगमगत सुटते, आणि त्या डगमगण्यात बराच वेग मरतो.

पन्नास मीटरवर पिशवी ठेवा. सात हायझर, सात सपाट, सात अ‍ॅनहायझर, सगळ्या पिशवीकडे, पण प्रत्येक वेळी निशाणा वेगळा: हायझरला पिशवीच्या उजवीकडे, अ‍ॅनहायझरला डावीकडे. हायझर बहुतेकांना लवकर जमतो. अ‍ॅनहायझर वेळ खातो, कारण मागे रेललं की नाक वर जातं आणि आपण पुन्हा दुसऱ्या पायरीवर येतो.

चौथी पायरी: पावलांची चाल

उजवा, डावा मागून, उजवा. तीनच पावलं. पहिलं उजवं पाऊल लक्ष्याकडे, मग डावं त्याच्या मागून ओलांडून, आणि शेवटी उजवं रोवायचं. डावं पाऊल ओलांडत असताना डिस्क मागे जाते, आणि उजवं जमिनीवर टेकल्यावरच हात ओढायला लागतो. टेकण्याआधी ओढलात तर खालून आधार नसताना फेकलंत.

ही चाल आधी डिस्कशिवाय, मग डिस्क घेऊन चालण्याच्या वेगाने करा. व्यावसायिक खेळाडूंचे व्हिडिओ पाहून धावायला लागणारे पुष्कळ; त्यांच्या शेवटच्या पावलात वेग कसा थांबवला आहे, ते मात्र कोणी बघत नाही. जलद गोलंदाजी केलेल्यांना तर अंग समोर ठेवून पळण्याची सवय असते आणि इथे आडवं जायचं असतं. त्यांनी एका सरळ रेघेवर आडवं चालण्याचा सराव वेगळा करावा.

कोर्सवरचा टी बहुधा काँक्रीटचा किंवा रबरी असतो, मैदानात गवत. लांब खिळ्यांचे फुटबॉलचे बूट घालू नका. पाय गवतात रुततो, टाच वळत नाही आणि गुडघ्याला पीळ बसतो. ओल्या गवतावर चाल पूर्णच सोडा, उभ्यानेच फेका.

फोरहँड

तर्जनी आणि मधलं बोट डिस्कखाली, मधल्या बोटाचं पेर आतल्या कडेला टेकलेलं, अंगठा वर, तळहात आकाशाकडे. कोपर अंगाजवळ आणि हाताच्या पुढे. जोर खांद्याचा कमी, मनगटाच्या झटक्याचा जास्त. डिस्क उलटी फिरते, म्हणून शेवटी उजवीकडे वळते. पॉइंटला उभं राहून कमरेच्या उंचीवरून चेंडू फेकणाऱ्यांना हे पटकन जमतं. मात्र चेंडू सोडताना मनगट उलटतं ती सवय इथे नडते: डिस्क पालथी होऊन जमिनीवर चाकासारखी घरंगळते. तळहात शेवटपर्यंत वरच ठेवा. यासाठी फायरबर्डसारखी जास्त फेड असलेली डिस्क घ्या. ती थोडं डगमगणं पचवते. एका सत्रात पंधरा-वीसच्या वर नको, कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं.

वारा

समोरच्या वाऱ्यात हवेच्या तुलनेत डिस्कचा वेग वाढतो, म्हणून टर्न वाढतो आणि ती उजवीकडे पालथी होऊ बघते. पाठीमागच्या वाऱ्यात उलट: टर्न कमी, फेड लवकर, आणि डिस्क खाली दबते. मैदानात याचा फुकट अभ्यास होतो, कारण डिस्क गोळा करायला पलीकडे जावंच लागतं. तिथूनच उलट फेका. एक फेरी वाऱ्याविरुद्ध, एक वाऱ्याबरोबर, त्याच डिस्क, तोच जोर.

किनाऱ्यालगतच्या गावांत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून तंत्र बसवायचं असेल तर सकाळ आणि वारा शिकायचा असेल तर दुपार. विक्रमांचे आकडे वाचतानाही वारा लक्षात ठेवा. २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनियरने नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेक केली, ती पाठीमागच्या जोरदार वाऱ्याची मदत घेऊन. निवांत हवेत जगातल्या लांब फेकणाऱ्यांनाही त्याच्या निम्म्याच्या आसपास समाधान मानावं लागतं.

मोजणी: मधली डिस्क

सात डिस्क फेकल्या. सगळ्यात लांब गेलेली नव्वद मीटर. घरी येऊन आपण सांगणार, ‘मी नव्वद मीटर फेकतो.’ तसं नाही. अंतराच्या क्रमाने चौथी डिस्क जिथे पडली आहे, ते तुमचं अंतर. तिच्या पुढे तीन, मागे तीन. विषम आकडा याचसाठी. एखादी घसरलेली फेक सरासरी बिघडवते, मधल्या डिस्कला तिचा फरक पडत नाही.

एका छोट्या वहीत प्रत्येक फेरीचे तीन आकडे लिहा: मधल्या डिस्कचं अंतर, सर्वांत जवळची आणि सर्वांत लांबची यांच्यातलं अंतर, आणि डावीकडून उजवीकडे पसारा किती रुंद झाला तो. शेजारी वाऱ्याची दिशा. बस. अंतर तेच राहून पसारा वीस मीटरवरून बारावर आला, तर तो महिना सत्कारणी लागला. अंतर दहा मीटरनी वाढलं पण पसारा दुप्पट झाला, तर कोर्सवर त्या दहा मीटरांचा उपयोग झाडं हलवण्यापुरताच.

डिस्क उचलायला जाताना घाई करू नका. सातही डावीकडे एका जागी पडल्या असतील, तर तुमची फेक सारखी आहे, फक्त निशाणा किंवा डिस्क बदलायची आहे. चहूकडे विखुरल्या असतील तर डिस्क बदलून काही होणार नाही. जोर सत्तर टक्क्यांवर आणा आणि उजव्या छातीपासूनची कवायत पुन्हा करा. सगळ्या उजवीकडे सुटून सरळच गेल्या असतील, तर डिस्क उशिरा सुटते आहे, बहुधा अंगाभोवती वळसा घेऊन येते आहे. सरळ सुटून लगेच उजवीकडे पालथ्या झाल्या असतील, तर मनगट उलटतंय, किंवा त्या डिस्कला झेपणार नाही इतका वेग आला आहे. दुसरं कारण असेल तर अभिनंदन, आता कमी टर्नची डिस्क घ्या.

एक सत्र

सात डिस्कच्या आठ फेऱ्या, म्हणजे छप्पन फेकी. पहिल्या दोन फेऱ्या उभ्याने, निम्म्या जोरात. पुढच्या चार त्या दिवसाच्या एका प्रश्नासाठी: आज नाक, किंवा आज अ‍ॅनहायझर, किंवा आज पावलं. दोन प्रश्न एका दिवशी घेऊ नका. शेवटच्या दोन फेऱ्या तीस ते पन्नास मीटरच्या मोजून-मापून फेकींच्या, पिशवीच्या पाच मीटरच्या आत डिस्क ठेवण्याच्या. कोर्सवर फेकी खऱ्या इथे वाचतात, पण मैदानात याचा कंटाळा येतो म्हणून लोक ते सोडून देतात.

पटिंगसाठी, म्हणजे जवळून बास्केटमध्ये डिस्क टाकण्याच्या सरावासाठी, बास्केट नसलं तरी अडत नाही. खेळपट्टीच्या मध्यावर उभं राहून यष्ट्यांवर फेका, अंतर दहा मीटर. यष्टी ७१ सेंटिमीटर उंच असते आणि बास्केटची कड साधारण ८० सेंटिमीटरवर, वर साखळ्या. म्हणून नेम बेल्सच्या हातभर वर धरा. पहिल्या वर्तुळात पट केल्यावर तोल सांभाळून थांबल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही असा नियम आहे, तो सरावातही पाळा.

आठवड्यात दोन सत्रं, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती. खांद्यात, कोपरात किंवा कमरेच्या खाली टोचल्यासारखं दुखलं तर ती फेक शेवटची. उरलेल्या डिस्क गोळा करा आणि त्या दिवशी फक्त दहा मीटरवरून पट करा. महिन्यातून एकदा त्याच मैदानावर, वारा पडलेला असताना, पहिल्या दिवशीच्याच सात डिस्क घेऊन दोन फेऱ्या पूर्ण जोरात फेका आणि मधल्या डिस्कचं अंतर वहीत लाल शाईने लिहा.